विश्लेषण : लग्न, बाळ, संसार… मध्येच थांबलेल्या एम.टेक., पीएच.डी.कडे परत जाता येते का?

जुलै आला की पवनी तालुक्यातील कोंढ्यात दोन कामांची एकदम घाई उठते. शिवारात धानाची रोवणी सुरू होते आणि घरातल्या पदवीधर मुलामुलींच्या मोबाइलवर पदव्युत्तर प्रवेशाच्या तारखा येऊ लागतात. रोवणीची वेळ चुकली तर हंगाम हातचा जातो, हे इथे कुणाला सांगावे लागत नाही. प्रवेशाची मुदत चुकली तर काय जाते, हे मात्र बहुतेकांना ती संपल्यावरच कळते.

हे लिहिणारी मीही त्यातलीच. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला गेट दिली, पात्र ठरले. पुढच्या वर्षी लग्न झाले, त्याच्या पुढच्या वर्षी मुलगी. ‘जरा मोठी होऊ दे, मग एम.टेक.ला जा’ असे घरात ठरले. ती भिंतीला धरून चालायला लागली तेव्हा संकेतस्थळ उघडून पाहिले, तर गेटच्या गुणांची तीन वर्षांची मुदत संपलेली होती. आता दुसरे बाळ येऊ घातले आहे आणि तोच प्रश्न पुन्हा समोर आहे. म्हणून या वेळी आधी नियम वाचले. जे हाती लागले ते असे.

आधी कोणत्या मुदती पाहायच्या?

प्रवेश पुढे ढकलताना आपण बाळाचे वय मोजतो. त्यासोबत गुणपत्रिकेचे वयही मोजायला हवे. गेटचा स्कोअर निकालाच्या तारखेपासून ३ वर्षे ग्राह्य असतो. यूजीसी-नेटमधून जेआरएफ मिळाली तर ते पत्र ३ वर्षे चालते. नेटचे गुण फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी वापरायचे असतील, तर ते १ वर्षच चालतात. ही वेगळी वर्गवारी जून २०२४ च्या परीक्षेपासून आली आहे. त्यामुळे ‘नेट झाली आहे, पीएच.डी. केव्हाही करू’ हा जुना समज आता सगळ्यांना लागू नाही.

वयाची अट वेगळी. जेआरएफसाठी कमाल वय ३० वर्षे आहे. महिलांना त्यात ५ वर्षांची सूट मिळते. अनुसूचित जाती, जमाती, क्रीमीलेअरमध्ये न येणारे इतर मागासवर्गीय आणि दिव्यांग उमेदवारांनाही तेवढीच सूट आहे. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेसाठी मात्र नेटला कमाल वयोमर्यादाच नाही. म्हणजे पस्तिशीनंतर शिष्यवृत्तीची एक मोठी वाट बंद होते, पण शिकवण्याच्या पात्रतेची वाट उघडी राहते.

एम.ए., एम.एस्सी. एका वर्षावर थांबले तर ते वर्ष वाया जाते का?

पूर्वी जायचे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यात पदव्युत्तर अभ्यासक्रमांची नवी रचना २०२३-२४ पासून लागू झाली. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिले वर्ष पूर्ण करून, ठरलेली क्रेडिट मिळवून बाहेर पडणाऱ्याला पदव्युत्तर पदविका घेता येते. पुढे परत येऊन पदवी पूर्ण करता येते.

मिळवलेली क्रेडिट साठवण्याची सोय म्हणजे ‘अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’. यूजीसीने यासाठी जुलै २०२१ मध्ये नियम काढले. बँकेत पैसे जमा करतो तसे इथे क्रेडिट जमा होतात आणि साधारणपणे ७ वर्षांपर्यंत वापरता येतात. पहिल्या बाळाच्या जन्मापासून ते पहिलीत जाईपर्यंतचा हा काळ आहे.

यात दोन अडचणी आहेत. क्रेडिट आपण स्वतः टाकू शकत नाही, ती संस्थेने जमा करायची असतात. डिजिलॉकरमधून खाते उघडले म्हणजे क्रेडिट आलीच असे नाही. कॉलेज सोडण्यापूर्वी खात्यात ती दिसतात का, हे पाहून घ्यावे. शिवाय परत येताना जागा आणि अभ्यासक्रमाची रचना तीच असेल याची हमी नसते.

गरोदरपणात हजेरी कमी भरली तर?

नोकरीतील महिलेला मातृत्व लाभ कायद्याचा आधार असतो. २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा त्यात आहे. विद्यार्थिनी मात्र कर्मचारी नसते, म्हणून तिला हा कायदा थेट लागू होत नाही. परीक्षेला बसू न देण्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते, ते म्हणजे हजेरी.

डिसेंबर २०२१ मध्ये यूजीसीने सर्व कुलगुरूंना पत्र पाठवले. पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींना प्रसूती रजा, हजेरीत सवलत आणि परीक्षा अर्जाच्या तारखेत मुदतवाढ मिळावी यासाठी योग्य नियम करा, असे त्यात सांगितले होते. प्रत्येक विद्यापीठाने ते नियमात कसे उतरवले आहे, हे वेगवेगळे असू शकते.

मे २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मेरठच्या एका विद्यापीठातील एम.एड.च्या विद्यार्थिनीचे प्रकरण निकाली काढले. तिने मागितलेली ५९ दिवसांची प्रसूती रजा विद्यापीठाने नाकारली होती. न्यायालयाने तो निर्णय रद्द करून फेरविचार करायला सांगितले. शिक्षण किंवा मातृत्व यातले एकच निवडण्याची वेळ नागरिकावर येऊ नये, असा त्या निकालाचा आशय आहे. दिल्लीचा निकाल महाराष्ट्रातील विद्यापीठांवर थेट बंधनकारक नसला, तरी अर्जासोबत दाखला म्हणून जोडता येतो.

पीएच.डी.साठी एकूण किती वर्षे मिळतात?

यूजीसीचे सध्याचे पीएच.डी. नियम ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झाले. त्यानुसार किमान कालावधी ३ वर्षे आणि कमाल ६ वर्षे. पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षे मागता येतात. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या संशोधकांना त्यापुढे आणखी २ वर्षांची सवलत देता येते. म्हणजे त्यांच्यासाठी कमाल मर्यादा १० वर्षे होते.

समजा, एखादीने जुलै २०२५ मध्ये प्रवेश घेतला. मूळ मुदत जुलै २०३१ पर्यंत. पुनर्नोंदणी मिळाली तर २०३३ आणि महिलांची सवलत मिळाली तर २०३५. याशिवाय संपूर्ण पीएच.डी.च्या काळात मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजेची तरतूद आहे. हे २४० दिवस प्रत्येक बाळामागे नाहीत, सगळे मिळून आहेत. दोन बाळे झाली तर तेवढ्यातच भागवावे लागते.

याच नियमांत वडिलांसाठी अशी रजा नमूद नाही.

‘देता येईल’ आणि ‘मिळेल’ यात फरक काय?

सगळी मेख इथेच आहे. नियमात मुदतवाढ आणि रजा ‘देता येईल’ असे शब्द आहेत. म्हणजे ती आपोआप मिळत नाही. अर्ज करावा लागतो, मार्गदर्शकाची शिफारस लागते, विद्यापीठाचा निर्णय लागतो. मुदत संपल्यावर केलेल्या अर्जापेक्षा मुदतीत केलेल्या अर्जाची बाजू नेहमीच भक्कम असते.

आपल्याकडे होते उलटेच. सातव्या महिन्यात जाणे-येणे बंद होते. मार्गदर्शकांना फोनवर सांगितलेले असते. ‘काळजी घ्या, नंतर बघू’ असे उत्तर मिळालेले असते. ते उत्तर आपुलकीचे असले, तरी कार्यालयात त्याची नोंद नसते. दोन वर्षांनी परत गेल्यावर फाइलवर फक्त एवढेच दिसते की संशोधक गैरहजर, शुल्क थकीत, प्रगती अहवाल नाही. तिथे बाळाचा उल्लेख कुठेच नसतो.

लग्नानंतर गाव बदलले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात?

गरज नाही. महिला संशोधकाला लग्नामुळे किंवा अन्य कारणाने दुसरीकडे जावे लागले, तर संशोधनाची माहिती नव्या विद्यापीठात नेण्याची परवानगी २०२२ च्या नियमांत आहे. अटी दोन : बाकीचे नियम पाळलेले हवेत आणि ते संशोधन मूळ संस्थेला बाहेरून निधी मिळालेल्या प्रकल्पाचा भाग नसावे. आधी झालेल्या कामाचे श्रेय मूळ संस्थेला आणि मार्गदर्शकाला द्यावे लागते. भंडाऱ्याची मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, तर तीन वर्षांचे काम इथेच सोडून जायची सक्ती नाही.

अर्धवेळ पीएच.डी. केली तर?

ती २०२२ च्या नियमांत मान्य आहे. नोकरी करणाऱ्याला संस्थेकडून ना हरकत प्रमाणपत्र लागते. ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीची पीएच.डी. मात्र मान्य नाही. जाहिरातीत तसे दिसले तर पैसे भरू नयेत.

अर्धवेळचा तोटा शिष्यवृत्तीत दिसतो. जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहे, ती पूर्णवेळ संशोधकासाठी. राज्यात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी आणि इतर मागास व भटक्या विमुक्त प्रवर्गांसाठी महाज्योती पीएच.डी. फेलोशिप देतात. महाज्योतीचे मुख्यालय तर नागपुरातच आहे. अशी फेलोशिप घेत असताना पूर्णवेळचे अर्धवेळ करायचे असेल, तर आधी फेलोशिप देणाऱ्या संस्थेला लेखी विचारावे. नाहीतर हप्ता थांबण्याची किंवा रक्कम परत करण्याची वेळ येऊ शकते.

घरी राहून कोणती पदवी घेता येते?

कोंढ्याहून नागपूर रोज गाठायचे तर चार-पाच तास एसटीतच जातात. तान्हे बाळ घरी ठेवून ते जमत नाही. मग उरतो मुक्त आणि ऑनलाइन शिक्षणाचा पर्याय. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हेच काम करते. ‘इग्नू’चे प्रादेशिक केंद्र नागपुरात आहे. ‘इग्नू’मध्ये दोन वर्षांची एम.ए. चार वर्षांपर्यंत पूर्ण करता येते. मान्यताप्राप्त मुक्त किंवा ऑनलाइन पदवी यूजीसीच्या दृष्टीने नियमित पदवीच्या बरोबरीची आहे.

आमच्यासारख्या अभियंत्यांसाठी इथे एक अडसर आहे. अभियांत्रिकीच्या पदव्या दूरस्थ पद्धतीने देण्यास मान्यता नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये अशा तंत्रशिक्षणाबाबत कडक भूमिका घेतली होती. त्यामुळे घरबसल्या एम.टेक. होणार नाही. एमबीए किंवा एमसीए मात्र होऊ शकते. २०२४-२५ पासून अशा प्रवेशांसाठी ‘डीईबी आयडी’ काढावा लागतो. तो काढताना संस्थेला मान्यता आहे की नाही, हेही कळते.

परदेशात जायचे ठरले असेल तर?

संसार वाढला की देशाची निवडही बदलते. ब्रिटनने १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या बहुतेक अभ्यासक्रमांसाठी विद्यार्थ्यासोबत जोडीदार आणि मुले नेण्यावर बंधन घातले. संशोधन पदवी आणि सरकारी शिष्यवृत्तीवर जाणाऱ्यांना त्यातून सूट आहे. म्हणजे एक वर्षाची एम.एस्सी. करायला जाणाऱ्या आईला किंवा वडिलांना बाळ मागे ठेवावे लागते.

अमेरिकेत विद्यार्थ्याच्या जोडीदाराला एफ-२ व्हिसावर नोकरी करता येत नाही. पदवीचे शिक्षण घ्यायचे तर तेही अर्धवेळच. दोघांनाही शिकायचे असेल, तर कुणी कोणत्या व्हिसावर जायचे हे इथून निघण्यापूर्वी ठरवावे लागते.

याआधी कुणी असे केले आहे का?

याचे सर्वांत मोठे उदाहरण प्रत्येक घरात माहीत आहे, पण या बाजूने फारसे सांगितले जात नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ च्या जुलैत कोलंबिया विद्यापीठात पोहोचले, तेव्हा मुलगा यशवंत जेमतेम सात महिन्यांचा होता. पुढे १९१६ मध्ये ते लंडनला गेले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले.

परतताना त्यांनी एक गोष्ट केली होती. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेतली होती. मुंबईत नोव्हेंबर १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात शिकवले, पैसे साठवले, मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० मध्ये, म्हणजे मुदत संपण्याच्या आत, ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाली. कोलंबियाचा प्रबंध तर १९१६ मधला, पण छापील प्रती सादर करण्याची अट पूर्ण होऊन पीएच.डी. रीतसर मिळाली १९२७ मध्ये. याच बाबासाहेबांनी १९५४ मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली होती.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. त्या वर्षांत परळच्या चाळीत संसार रमाबाईंनी ओढला. त्यांच्या पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच गेली. म्हणून ‘बाबासाहेबांनी केले, मग तुला का जमत नाही’ असे कुणाला सुनावण्यासाठी हे उदाहरण वापरू नये. परतीची परवानगी विद्यापीठाने दिली होती, पण परतीचा वेळ घरातल्या एका बाईने दिला होता.

आज तो वेळ कुणाकडे असतो?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या महिला त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, पुरुष ८८ मिनिटे. हा फरक तीन तासांहून जास्त आहे. मुलांना सांभाळण्याची वेळ त्यात धरलेली नाही.

दुसरीकडे, पीएच.डी. करणाऱ्या मुलींची संख्या २०१४-१५ मधील ४७,७१७ वरून २०२१-२२ मध्ये ९८,६३६ झाली, असे उच्च शिक्षणाचे अखिल भारतीय सर्वेक्षण सांगते. सात वर्षांत दुप्पट. प्रवेश वाढले, पण घरातले तास त्या प्रमाणात वाटले गेले नाहीत. म्हणून कुटुंबाची बैठक बसली की ‘शिकायचे की नाही’ एवढ्यावर ती संपू नये. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी बाळ कुणाकडे असेल, रोवणीच्या पंधरवड्यात अभ्यासाचे काय होईल, सासूबाईंच्या गुडघ्याला दोन नातवंडे झेपतील का, बाळाचे वडील कोणत्या वारी लवकर घरी येतील, हे ठरले तर पुढचे जमते.

थांबावे लागणार असेल तर आधी काय करावे?

• विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून आपल्याला लागू असलेले नियम उतरवून घ्या. नोव्हेंबर २०२२ पूर्वी नोंदणी झाली असेल, तर पीएच.डी.ला त्या वेळचे जुने नियम लागू होतात.

• रजेचा किंवा खंडाचा अर्ज लेखी द्या. डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ई-मेल केला असेल तर उत्तरासह जपून ठेवा.

• परत येण्याची शेवटची तारीख विचारून लिहून घ्या आणि तिच्या सहा महिने आधीचा अलार्म मोबाइलवर लावा.

• शुल्क आणि सहामाही प्रगती अहवाल रजेच्या काळात लागतो की नाही, हे स्पष्ट करून घ्या.

• शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेला त्याच आठवड्यात कळवा. परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर १ वर्षाने सुरू होते. अभ्यासक्रम लांबला तर मुदतवाढ मागता येते, पण न कळवता शिक्षण सोडले तर हप्ते अचानक सुरू होऊ शकतात.

• मूळ प्रमाणपत्रे कॉलेजात अडकली असतील, तर त्यांची पावती घरी असू द्या.

मग निर्णय कसा घ्यायचा?

बाळासाठी शिक्षण थांबवणे यात कमीपणा नाही. काहींना परत जायचेच नसते, तोही निर्णय आहे. तोटा होतो तो ‘थांबू, मग पाहू’ म्हणत काहीच न कळवता थांबल्याने. एक वर्षासाठी थांबलेले शिक्षण अशाने कायमचे सुटते आणि ते कधी सुटले हेही आठवत नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर पूर्णवेळ एम.टेक.चा विचार मी सध्या बाजूला ठेवला आहे. ‘डीईबी आयडी’ काढला आहे, ऑनलाइन एमसीएची पात्रता पाहून झाली आहे. प्रवेश या जुलैत नाही, बाळ झाल्यावर पुढच्या सत्रात घ्यायचा, असे आम्ही दोघांनी ठरवले. नवऱ्याने बुधवार आणि शनिवारची संध्याकाळ आपल्याकडे घेतली आहे. गेट पुन्हा द्यायची की नाही, हे धाकटे चालायला लागल्यावर पाहू. या वेळी दिली, तर निकालाच्या दिवशीच तीन वर्षांनंतरची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवीन.